कर्ज बाकी असलेल्या जुन्या मोटरहोमची खासगी विक्री : एक प्रकरण अभ्यास

मोटरहोमची विक्री साध्या मोटारीच्या विक्रीपेक्षा अवघड असते, कारण या व्यवहारात वाहनाबरोबर एक छोटे घरही हस्तांतरित होत असते. इंजिन, ब्रेक आणि टायर यांच्या जोडीला गॅसची जोडणी, पाण्याच्या टाक्या, फ्रिज, गाडी सुरू करणारी बॅटरी आणि घर चालवणारी बॅटरी, छत, भिंती आणि खिडक्यांचे सांधे असे सारे काही खरेदीदाराला तपासावे लागते आणि विक्रेत्याला त्या प्रत्येक गोष्टीबद्दल उत्तर द्यावे लागते. रक्कम मोठी, वस्तू चाकांवर असल्याने सहज नेण्याजोगी आणि दोन्ही पक्ष एकमेकांना अनोळखी, ही परिस्थिती फसवणूक करणाऱ्यांना सोयीची असते. व्यापाऱ्याकडे गाडी दिल्यास यांतील बराच भार तो उचलतो आणि त्याचा मोबदला घेतो. खासगी विक्रीत तो मोबदला वाचतो, पण भार मालकावर येतो.

पुढील प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा विक्रीत पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या अडचणी एका व्यवहारात एकत्र आणून त्यांचा परस्परांशी असलेला संबंध दाखवण्याचा येथे प्रयत्न केला आहे. माझे प्रतिपादन असे की, समोरची व्यक्ती विश्वासू वाटते की नाही यावर विक्रेत्याने आपली सुरक्षितता सोपवू नये. पैसे, गाडी आणि कागदपत्रे कोणत्या क्रमाने हात बदलतात यावर ती ठरते, आणि हा क्रम पहिला ग्राहक येण्यापूर्वीच निश्चित करता येतो.

परिस्थिती

विक्रेते पती-पत्नी असून त्यांची मोटरहोम नऊ वर्षे जुनी आहे. ती कर्ज काढून घेतलेली असल्याने मालकीच्या कागदावर वित्तसंस्थेचा बोजा नोंदवलेला आहे, आणि अपेक्षित विक्रीमूल्याच्या सुमारे एक चतुर्थांश इतके कर्ज अजून फेडायचे आहे. तेवढी रक्कम दोघांच्या हाताशी नाही. ती विक्रीतूनच उभी राहणार आहे. दोन वर्षांपूर्वी छतावरील व्हेंटच्या, म्हणजे हवा खेळती ठेवणाऱ्या झरोक्याच्या, कडेने पाणी झिरपले होते. तेव्हा सीलंट काढून नव्याने भरले गेले, आतील छताचा भिजलेला तुकडा बदलला गेला आणि त्या कामाची पावती जपून ठेवलेली आहे. गाडी घराजवळ नसून भाड्याच्या बंदिस्त वाहनतळावर उभी असते.

दोघांमध्ये सुरुवातीलाच एक मतभेद होता. पतीचे म्हणणे असे की, दुरुस्तीबद्दल कोणी विचारले तर सांगावे, आपणहून लिहून ग्राहक दूर लोटू नये. पत्नीचे म्हणणे असे की, ते जाहिरातीतच लिहावे आणि पावतीही दाखवावी. शेवटी पत्नीचे म्हणणे मान्य झाले, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे या एका निर्णयाने संपूर्ण व्यवहाराला आधार दिला.

जाहिरातीपूर्वी

कागदपत्रे तपासताना एक गोष्ट लक्षात आली, जी मोटरहोमच्या बाबतीत वरचेवर आढळते. चॅसी, म्हणजे गाडीचा चाकांवरील खालचा पाया, एका कारखान्यात तयार होते आणि तिच्यावरील घराचा सांगाडा दुसऱ्या कारखान्यात चढवला जातो. त्यामुळे चॅसीचे वर्ष आणि पूर्ण गाडीचे वर्ष यांत फरक पडू शकतो. येथे तो एका वर्षाचा होता. जाहिरातीत फक्त नंतरचे वर्ष लिहिले असते, तर कागद पाहताक्षणी ग्राहकाच्या मनात संशय आला असता. म्हणून दोन्ही वर्षे कारणासह नमूद केली गेली. वाहनाचा १७ चिन्हांचा ओळखक्रमांक गाडीवरील पट्टीवर, नोंदणीच्या कागदावर आणि विमापत्रावर एकसारखा आहे याचीही खातरजमा केली गेली. या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे १ आणि ० या अंकांशी गल्लत होऊ नये म्हणून वापरली जात नाहीत. ती दिसली, तर नकल करताना चूक झाली आहे किंवा कागद बनावट आहे असे समजावे.

टायरांची नक्षी नव्यासारखी दिसत होती, पण मोटरहोम वर्षातील बराच काळ उभी राहत असल्याने तिचे टायर झिजण्यापूर्वीच वयाने निकामी होतात. टायरच्या बाजूवरील संकेतातील शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील २३वा आठवडा. जाणकार ग्राहक हे अंक आधी वाचतो. विक्रेत्यांनी त्यांची छायाचित्रे जाहिरातीतच दिली आणि टायर लवकरच बदलावे लागतील हे किमतीत धरल्याचे लिहिले.

छायाचित्रांबाबतही काळजी घेणे आवश्यक होते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात ते कोठे काढले याची नोंद दडलेली असू शकते, म्हणून ती नोंद काढून टाकली गेली, आणि वाहनतळाचे फाटक किंवा नाव दिसेल अशी छायाचित्रे वगळली गेली. अनेक गाड्यांच्या बाहेरील सामानकप्प्यांना एकाच नमुन्याची किल्ली लागते, त्यामुळे कप्पा कुलूपबंद आहे म्हणून त्यातील वस्तू सुरक्षित आहे असे मानता येत नाही. मूळ कागदपत्रे, जादा किल्ल्या आणि मौल्यवान साहित्य गाडीतून हलवले गेले.

पहिला ग्राहक

पहिला गंभीर वाटणारा ग्राहक दूरच्या शहरातील होता. त्याने गाडी पाहण्याची इच्छा दर्शवली नाही, किमतीत एका पैशाचीही घासाघीस केली नाही आणि बँकेनेच काढलेला धनादेश टपालाने पाठवतो असे कळवले. धनादेशात गाडी नेणाऱ्या वाहतूकदाराचे भाडेही धरलेले असेल, ते विक्रेत्यांनी जास्तीच्या रकमेतून वाहतूकदाराला परस्पर पाठवावे, अशी त्याची विनंती होती. त्याने नोंदणीच्या कागदाचे छायाचित्रही मागितले, आणि पतीने ते पाठवले.

पतीचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता: बँकेने स्वतः काढलेला धनादेश न वटण्याचा प्रश्नच नाही. पण प्रश्न तो धनादेश खरोखर बँकेने काढला आहे का, हा असतो. बनावट धनादेश छपाईत हुबेहूब असू शकतो. अनेक ठिकाणी बँक खातेदाराच्या सोयीसाठी धनादेशाची रक्कम प्रत्यक्ष वसुली होण्यापूर्वीच वापरायला मोकळी करते. खात्यात आकडा वाढलेला दिसतो, विक्रेता निर्धास्त होतो, ‘जास्तीचे’ पैसे वाहतूकदाराला पाठवतो आणि कदाचित गाडीही देऊन टाकतो. धनादेश बनावट असल्याचे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी उघड होते आणि बँक ती रक्कम विक्रेत्याच्याच खात्यातून परत घेते. वाहतूकदाराला पाठवलेले पैसे मात्र परत येत नाहीत, कारण तो वाहतूकदार त्या ग्राहकाचाच साथीदार असतो. खात्यात रक्कम दिसणे आणि धनादेश वटणे या दोन घटनांमधील हे अंतर ज्याला ठाऊक नाही, तो सुशिक्षित आणि सावध असूनही फसू शकतो, म्हणून अशा व्यक्तीला भोळी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

पत्नीने ग्राहकाला आरोप न करता एवढेच कळवले की गाडी प्रत्यक्ष पाहावी लागेल, पैसे बँकेच्या शाखेत समोरासमोर दिले जातील आणि रक्कम जमा झाल्याची खात्री पटल्यावरच ताबा मिळेल. उत्तर आले नाही. याच सुमारास आणखी दोन संदेश आले होते. एकात विशिष्ट संकेतस्थळावरून गाडीचा इतिहास-अहवाल विकत घेऊन पाठवा, असा आग्रह होता. अशी संकेतस्थळे बहुधा पैसे भरताना दिलेला कार्डाचा तपशील चोरण्यासाठी उभारलेली असतात. दुसऱ्यात ‘तुम्ही खरे विक्रेते आहात हे कळावे म्हणून’ विक्रेत्याच्या मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक मागितला होता; तो अंक दिल्यास त्या मोबाइल क्रमांकाच्या आधारे दुसऱ्याला खाते उघडता येते. दोन्ही संदेशांना उत्तर दिले गेले नाही.

आधी पाठवलेल्या छायाचित्राचा परिणाम मात्र टळला नाही. काही काळाने याच गाडीची छायाचित्रे आणि नोंदणीचा तोच कागद वापरून, निम्म्याहून कमी किमतीची दुसरी जाहिरात अन्यत्र प्रसिद्ध झाली. ती काढून टाकण्याची मागणी करावी लागली आणि वाहन नोंदणी कार्यालयालाही कळवावे लागले. त्यानंतर कोणालाही कागदाची प्रत देताना तिच्यावर आडवी ओळ लिहिली गेली: ‘फक्त तपासणीसाठी’, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख. मूळ कागद फक्त भेटीत दाखवला गेला.

तपासणी आणि दुसरा दोष

पुढील ग्राहक दोन बहिणी होत्या, ज्या मिळून गाडी घेणार होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी गाडी बाहेरून आणि आतून पाहिली, दुरुस्तीची पावती वाचली आणि एक रात्र गाडीत राहून पाहण्याची परवानगी मागितली. मागणी समजण्यासारखी आहे. घर विकत घेण्यापूर्वी त्यात राहून पाहावेसे वाटतेच. परंतु खासगी विमापत्रात अशा वापराला संरक्षण असेलच असे नाही, आणि गाडी रात्रभर दुसऱ्याच्या हाती गेली की पैशाआधी ताबा दिल्यासारखेच होते. विक्रेत्यांनी नकार देऊन त्याऐवजी अर्ध्या दिवसाचे सविस्तर प्रात्यक्षिक देऊ केले.

त्याची तयारी आदल्या संध्याकाळपासून करावी लागली. या गाडीतील फ्रिज कॉम्प्रेसरवर चालत नाही. तो उष्णतेच्या साहाय्याने अमोनियाचे द्रावण फिरवून थंडावा निर्माण करतो, त्याला पुरेसे थंड होण्यास कित्येक तास लागतात आणि त्यासाठी गाडी समतल उभी असावी लागते. ग्राहक आल्यावर तो सुरू केला असता, तर चांगला फ्रिजही बिघडलेला वाटला असता. पाण्याच्या टाक्या भरल्या, गरम पाण्याचे यंत्र चालवून दाखवले, घरगुती बॅटरीवर दिवे आणि पंप चालवले, नंतर बाहेरील वीज जोडली. गॅस गळतीचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणाऱ्या यंत्रांवरील मुदतीच्या तारखा पाहिल्या. एकाची मुदत संपलेली होती, ते बदलून घेतले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचे इशारायंत्र खाली बसवलेले असते, हे त्या वेळी बहिणींना समजावून सांगितले गेले. विक्रेत्याने एवढे समजावण्याची गरज नाही असे काहींना वाटेल. मला मात्र गाडी देणाऱ्याने निदान गॅसबाबत हे कर्तव्य मानावे असे वाटते.

चालवून पाहण्यापूर्वी चालवणाऱ्या बहिणीचा परवाना या वजनाच्या गाडीला चालतो का हे तपासले, परवान्याचे छायाचित्र घेतले, आणि अन्य व्यक्ती चालवत असताना विम्याचे संरक्षण राहते असे विमा कंपनीकडून लेखी घेतले. मार्ग आधी ठरवलेला होता आणि पती शेजारी बसले.

बहिणींनी स्वखर्चाने स्वतंत्र तपासनीस आणला. त्याने ओलावामापक यंत्राने छत आणि भिंती तपासल्या. व्हेंटच्या आसपासचा भाग पूर्ण कोरडा निघाला. मागच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात मात्र ओलावा आढळला, ज्याची विक्रेत्यांना कल्पना नव्हती. मोटरहोममध्ये हे सर्वांत महागात पडणारे दुखणे असते. सांध्यातून शिरलेले पाणी बाहेरच्या थरामागील लाकूड कुजवते, थर सुटू लागतो, बाहेर फुगवटे येतात, आणि ते डोळ्यांना दिसेपर्यंत आतील नुकसान बरेच पसरलेले असते. येथे फुगवटा नव्हता, लाकूड दाबल्यावर मऊ लागत नव्हते, म्हणजे दोष प्राथमिक अवस्थेत होता.

व्यवहार मोडण्याची शक्यता या क्षणी सर्वांत जास्त होती. तो मोडला नाही याचे कारण व्हेंटच्या दुरुस्तीबद्दलची जाहिरातीतील नोंद आणि ती पावती. जुना दोष ज्यांनी न विचारता सांगितला, त्यांना नवा दोष खरोखरच ठाऊक नसावा, असे बहिणींना मानता आले. जुना दोष तपासनीसाने शोधून काढला असता, तर दुसऱ्याबद्दलचे अज्ञान कोणीही खरे मानले नसते. आता दोन मार्ग होते: विक्रेत्यांनी दुरुस्ती करून द्यावी किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा. पहिल्या मार्गात विक्रीच्या तोंडावर घाईने केलेल्या कामाची जबाबदारी विक्रेत्यांवर राहिली असती. दुसरा निवडला गेला; दोघांना मान्य असलेल्या कारागिराचे लेखी अंदाजपत्रक घेऊन तेवढी रक्कम कमी केली गेली आणि तपासणी-अहवाल करारनाम्याला जोडला गेला.

करारनाम्यात ‘गाडी आहे त्या स्थितीत विकली जात आहे’ असे वाक्य होते. हे वाक्य म्हणजे अभेद्य कवच, असा समज पुष्कळांचा असतो. बहुतेक न्यायव्यवस्थांमध्ये ते अज्ञात दोषांबाबत विक्रेत्याला काही प्रमाणात वाचवते; ठाऊक असलेला दोष लपवला किंवा त्याबद्दल खोटे सांगितले, तर त्याचा उपयोग होत नाही. त्यामुळे ज्ञात दोषांची यादी आणि खरेदीदारांची त्याखालील सही यांना त्या वाक्याहून अधिक मोल आहे.

बोजाचा पेच

खरी गुंतागुंत येथे होती. बोजा उतरल्याशिवाय बहिणी पूर्ण रक्कम देण्यास तयार नव्हत्या, आणि ते योग्यच होते. विक्रेत्यांनी पैसे घेऊन कर्ज फेडले नसते, तर वित्तसंस्थेला बहिणींच्या दारातून गाडी उचलता आली असती. वित्तसंस्था पूर्ण फेड झाल्याशिवाय बोजा उतरवणार नव्हती, हेही योग्यच. आणि विक्रेते विक्रीचे पैसे मिळाल्याशिवाय फेड करू शकत नव्हते. तिन्ही पक्ष प्रामाणिक असूनही व्यवहार अडला होता.

तीन पर्याय विचारात घेतले गेले. अल्पमुदतीचे दुसरे कर्ज काढून आधी बोजा उतरवणे सर्वांत स्वच्छ होते, पण विक्री फिसकटली असती तर दांपत्य नव्या कर्जात अडकले असते. दुसरा पर्याय त्रयस्थाकडे रक्कम अनामत ठेवण्याचा होता. तो उत्तम आहे, मात्र त्रयस्थ कोणी सुचवला यावर सारे अवलंबून असते. बनावट अनामत सेवा हा फसवणुकीचा जुना प्रकार असून समोरच्याने पाठवलेल्या दुव्यावरून अशी सेवा कधीही स्वीकारू नये. तिसरा पर्याय वित्तसंस्थेच्या शाखेतच, तिच्या अधिकाऱ्यासमोर, व्यवहार पूर्ण करण्याचा होता. दुसरा आणि तिसरा यांची सांगड घातली गेली.

प्रथम वित्तसंस्थेकडून कर्ज बंद करण्यासाठी लागणाऱ्या रकमेचे पत्र घेतले. विक्रेते मोबाइलवर दिसणारी शिल्लक धरून चालले होते; पत्रातील आकडा तिच्याहून जास्त होता, कारण त्यात फेडीच्या दिवसापर्यंतचे व्याज आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्क धरलेले होते. पत्राला ठरावीक मुदत होती आणि मुदतीनंतर दररोज किती व्याज चढेल तेही लिहिलेले होते. बोजा उतरवल्याचा कागद फेडीनंतर किती दिवसांत मिळतो, हेही लेखी विचारून घेतले गेले.

मग विसार ठरला. विसारपावतीत गाडीचा ओळखक्रमांक, दोन्ही बहिणींची आणि दोन्ही विक्रेत्यांची नावे, ठरलेली किंमत, व्यवहाराची अंतिम तारीख आणि विसार कोणत्या परिस्थितीत परत मिळेल व कोणत्या परिस्थितीत बुडेल, हे नोंदवले गेले. बोजा ठरल्याप्रमाणे न उतरल्यास विसार परत. बहिणींनी विनाकारण माघार घेतल्यास विक्रेत्यांकडे. त्यानंतर आलेल्या इतर ग्राहकांना गाडीचा विसार झाल्याचे सांगण्यात आले, जरी त्यांतील एकाने जास्त किंमत देऊ केली होती.

पैसे देण्याचा दिवस आठवड्याच्या मध्यावरचा आणि वेळ सकाळची ठेवली, म्हणजे काही अडले तर त्याच दिवशी बँकेत माणूस भेटेल. बहिणींच्या खात्यावर एका दिवसात पाठवता येणाऱ्या रकमेची मर्यादा होती, ती त्यांनी आधीच वाढवून घेतली. ऐन वेळी ही मर्यादा कळल्याने लोक रोख रकमेकडे किंवा ‘उरलेले उद्या देतो’ या आश्वासनाकडे वळतात. वित्तसंस्थेचा खातेक्रमांक ईमेलमधून न घेता शाखेतील अधिकाऱ्याकडून समक्ष घेतला गेला. ईमेलमध्ये घुसून ऐन वेळी खातेक्रमांक बदलल्याचे पत्र पाठवणे, ही मोठ्या रकमांच्या व्यवहारांतील एक सर्रास युक्ती आहे, आणि तिच्यात प्रामाणिक खरेदीदारच बळी पडतो.

रकमेचे तीन भाग झाले. कर्जफेडीची रक्कम बहिणींच्या खात्यातून थेट वित्तसंस्थेकडे गेली आणि अधिकाऱ्याने फेडीची पोच दिली. उरलेल्यातील बहुतांश रक्कम विक्रेत्यांच्या खात्यात गेली. ती जमा झाल्याची खात्री त्यांनी बहिणींच्या मोबाइलवरील चित्र पाहून न करता स्वतःच्या खात्यात शिरून केली. एक छोटा हिस्सा वकिलाच्या अनामत खात्यात ठेवला गेला, जो बोजामुक्त कागद बहिणींच्या हाती पडल्यावर विक्रेत्यांना मिळायचा होता.

ताबा

रक्कम पोहोचल्यावर चौघांनी ताबापावतीवर सह्या केल्या. तीत तारखेबरोबर घड्याळातील वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहिला गेला, कारण त्या क्षणानंतरचा दंड, पथकर किंवा अपघात कोणाच्या माथी, हे पुढे याच नोंदीवरून ठरते. बहिणींचा विमा सुरू झाल्याचे पाहूनच किल्ल्या दिल्या गेल्या. विक्रेत्यांनी मालकी बदलल्याची सूचना त्याच दिवशी नोंदणी कार्यालयाला स्वतः दिली, ती खरेदीदारांवर सोडली नाही, आणि सूचनेची पोच हाती आल्यावरच आपला विमा बंद केला.

गाडीत राहिलेला खासगी तपशीलही पुसावा लागला: मार्गदर्शक यंत्रातील घराचा पत्ता, जोडलेल्या मोबाइलमधून उतरलेली संपर्कयादी, पथकराची पट्टी आणि गाडीचा माग दाखवणाऱ्या यंत्राचे खाते. शेवटचे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे. ते खाते तसेच राहिले असते, तर जुन्या मालकाला नव्या मालकाची गाडी रोज कोठे उभी आहे हे दिसत राहिले असते. वाहनतळाच्या फाटकाचा सांकेतिक अंकही बदलून घेतला गेला.

बोजामुक्त कागद वित्तसंस्थेने सांगितलेल्या मुदतीत आला आणि बहिणींच्या नावे नोंदणी झाली. वकिलाकडील हिस्सा मात्र लगेच सुटला नाही. करारनाम्यात तो ‘बोजामुक्त कागद मिळाल्यावर’ द्यावा एवढेच लिहिले होते. कागद मिळाल्यापासून किती दिवसांत बहिणींनी वकिलाला संमती कळवायची, आणि त्यांनी न कळवल्यास नोंदणीच्या पुराव्यावर रक्कम आपोआप सुटेल का, याची तरतूद नव्हती. बहिणींचा हेतू वाईट नव्हता, त्या प्रवासाला निघून गेल्या होत्या. तरीही विक्रेत्यांना दोन स्मरणपत्रे पाठवावी लागली आणि संमती येईपर्यंत थांबावे लागले. अशा कलमात दिवसांची मुदत आणि संमती न आल्यास लागू होणारी तरतूद, या दोन्ही गोष्टी सह्या होण्यापूर्वी लिहून घ्यायला हव्या होत्या.